शुक्रवारची क्रुसाची वाट यंदा माझ्याकडे आहे, सांगलीसारख्या छोट्या पॅरिशमध्ये कशी करता?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत राहते, माहेर श्रीरामपूरकडचं, कॅथलिक. यंदा (2026) राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे लेंट, ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ, अगदी दारात आलाय आणि पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समितीच्या मीटिंगमध्ये शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेची, म्हणजे प्रभू क्रूस घेऊन गेला ते प्रसंग आठवत करायच्या प्रार्थनेची, जबाबदारी माझ्याकडे दिली. मी आनंदाने घेतली, मला हे काम मनापासून करायचंय, म्हणूनच विचारते.

आमच्याकडची परिस्थिती आधी सांगते म्हणजे सल्ला देताना बरं पडेल. इथं वसईसारखं नाहीये की घंटा झाली आणि पाच मिनिटांत गाव चर्चमध्ये. आमची घरं सांगली मिरज कुपवाड अशी विखुरलेली, कोण विश्रामबागेत, कोण माधवनगर रोडला, कोण मिरजेत हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये, आणि फादर एकटे, त्यांना लांबलांबच्या घरांकडे पण जायचं असतं त्यामुळे दर शुक्रवारी ते असतीलच असं नाही. लोक पण सगळीकडचे. नगर जिल्ह्यातले आम्ही मराठी, बदली होऊन आलेली वसईची दोन-तीन कुटुंबं, गोव्याची मंगळूरची माणसं, मिरजेतल्या केरळच्या नर्सताई आणि त्यांची घरं, काही तमिळ, आणि कुपवाड एमआयडीसीत काम करणारी झारखंडची पोरं. रविवारच्या मिस्साला हे सगळे दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी मात्र पुढच्या दोन बाकांवर नेहमीची माणसं आणि मागे भिंतीला टेकून ती झारखंडची तीन-चार पोरं, पुस्तिका इंग्रजी, त्यांच्या हातात दिलेली असते पण तोंड उघडत नाही कारण वाचता येत नाही. मला ते बघून फार वाईट वाटतं. बारा-बारा तास फौंड्रीत उभं राहून सायकलवरून येतात ती, प्रभूच्या दुःखसहनाची प्रार्थना आहे आणि दिवसभर ओझं उचलणारा माणूसच मागे मुका उभा.

तर माझे प्रश्न असे की फादर नसतील तर आपण सामान्य माणसांनी क्रुसाची वाट चालवली तर चालते ना, नियमात काही अडचण? भाषा कोणती ठेवायची? चर्चमध्येच करावी का घरोघरी फिरती करावी? वेळ किती वाजताची ठेवली तर शिफ्टवाले पण येतील? आणि दहावी बारावीचे पेपर नेमके ह्याच दिवसांत आहेत, त्या मुलांना आणि त्यांच्या आयांना ओढायचं का सोडायचं? ज्यांनी कुठे छोट्या ठिकाणी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

पापडीकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, चालते. क्रुसाची वाट ही भक्ती आहे, मिस्सा नव्हे, तिला धर्मगुरू लागतोच असं नाही, कोणीही श्रद्धावान माणूस चालवू शकतो, घरातली आजी पण. येरुशलेमला जाऊन प्रभू ज्या रस्त्याने क्रूस घेऊन गेला त्या रस्त्याने चालायचं ही मूळ इच्छा, पण तिकडे जाणं सगळ्यांना शक्य नव्हतं म्हणून फ्रान्सिस्कन मंडळींनी ती गावोगावच्या चर्चमध्ये आणली आणि 1731 साली पोप बारावे क्लेमेंट यांनी स्थानं, म्हणजे त्या वाटेवरचे थांबून प्रार्थना करायचे प्रसंग, 14 अशी पक्की केली. म्हणजे ज्यांना लांब जाता येत नाही त्यांच्यासाठीच ही प्रार्थना वाढली, त्यामुळे विखुरलेल्या पॅरिशला ती परकी नाहीच उलट अगदी जवळची आहे.

आमच्या वसईत गट पाडलेले असतात आणि प्रत्येक शुक्रवार एकेका गटाकडे असतो, गायन त्यांचं, वाचन त्यांचं, क्रूस धरणारे त्यांचे. तुमच्याकडे गट पाडण्याइतकी घरं नसतील तर स्थानं वाटून द्या. 14 स्थानं, 14 घरं. पहिल्या स्थानाला वाचणारा घरातला कोणीही असो पण ते स्थान त्या घराचं, पूर्ण लेंटभर तेच. माणूस स्वतःचं स्थान आहे म्हटल्यावर येतो, नाहीतर ऐकायला फार कमी जण येतात. पाचवं स्थान, सिमोन कुरेनेकर क्रूस उचलायला मदत करतो ते, मी तर म्हणेन त्या झारखंडच्या पोरांना द्या. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरून कामाला लावलं, परगावचा माणूस होता तो. त्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही.

भाषेबद्दल माझं ठाम मत, दर स्थानाला तीन-तीन भाषा करू नका. मी एका ठिकाणी बघितलंय तसं, सव्वा तास झाला तरी आठवं स्थान, लहान मुलं खाली झोपली. ज्या घराचं स्थान त्या घराची भाषा, आणि मधलं "हे ख्रिस्ता आम्ही तुझी आराधना करतो" आणि त्याचं उत्तर एवढं सगळ्यांनी मराठीत पाठ करायचं. दोन ओळी आहेत, कोणालाही आठवड्यात येतात. गाण्याचं ध्रुवपद पण एकच ठेवा सगळ्या शुक्रवारांना. नवीन चाली ईस्टरनंतर शिकवा.

मिरज_नर्स

नमस्ते. मी केरळची, मिरजेत बरीच वर्षं झाली, मराठी वाचता लिहिता येतं पण चूक असेल तर समजून घ्या. आमच्या घरांबद्दल तुम्ही लिहिलं म्हणून सांगते. आम्ही शुक्रवारी येत नाही त्याचं कारण ड्युटी आहे, मन नाही असं नाही. दुपारची शिफ्ट रात्री 8 ला सुटते, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ. तुम्ही 6 ची वेळ ठेवली तर सकाळच्या शिफ्टवाल्या येतील, दुपारवाल्या कधीच नाही. एक शुक्रवार 6 आणि एक शुक्रवार 9 असं केलं तर सगळ्यांना निम्मे तरी मिळतील, किंवा मिरजेत आमच्या क्वार्टरच्या टेरेसवर एक ठेवा, आम्ही सगळं बघतो.

अजून एक गोष्ट, आमच्यातली बरीच घरं सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या कॅथलिक पद्धतीची आहेत. आमच्याकडे राख बुधवारी नसते, त्याच्या आधीच्या सोमवारी असते आणि तिथूनच नोम्बू, म्हणजे आमचा उपवासाचा काळ, सुरू होतो, पन्नास दिवसांचा म्हणतात, जुन्या पद्धतीने पाळणारे मांस मासे अंडी दूध सगळं सोडतात पूर्ण काळ. माझी अम्मा अजून तसंच करते. त्यामुळे बुधवारी एखादी आमची ताई राख घ्यायला दिसली नाही तर तिने पाळलं नाही असं समजू नका. इथे लॅटिन चर्चमध्ये राहतो म्हणून आम्ही बहुतेक बुधवारी पण येतो.

आणि पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, आमच्या घरी पेसहा अप्पम असतो. तांदळाचं आणि उडदाचं पीठ, यीस्ट न घालता वाफवलेला, वर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेल्या पानाचा छोटा क्रूस ठेवतात, सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. घरातला मोठा माणूस प्रार्थना करून तुकडे करतो, सगळ्यात मोठ्यापासून धाकट्यापर्यंत देतो. ज्या घरात त्या वर्षी कोणी वारलं असेल ते घर स्वतः करत नाही, शेजारचे नेऊन देतात. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या मराठी कॅथलिक घरात मृत्यू झाला होता, मी त्यांच्याकडे नेऊन दिला, त्या ताई खूप रडल्या. पॅरिशमध्ये अशा गोष्टी एकमेकांना माहीत व्हायला पाहिजेत असं वाटतं.

उपवासाबद्दल एक नर्स म्हणून सांगते, कृपया वाचा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं, निर्जळी नाही. आजारी माणसाला, गरोदर बाईला, दूध पाजणारीला सूट आहे. तरी दर गुड फ्रायडेला कोणीतरी डायबेटिसचं पेशंट गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसतं आणि घाम फुटून थरथरत कॅज्युअल्टीला येतं. एप्रिलची दुपार, आमच्याकडची गरमी, 3 वाजताची लांब उपासना. असं करू नका. डॉक्टरांना आधी विचारा, पाणी प्या, खिशात साखर ठेवा.

सिमडेगा_ते_कुपवाड

नमस्कार दीदी. मी त्या मागे उभा राहणाऱ्यांपैकीच आहे बहुतेक 🙏 मी झारखंडचा, सिमडेगा जिल्हा, फौंड्रीत आहे, मराठी बोलतो चांगली, लिहायला आता शिकलोय मोबाईलवर. गावी आमच्याकडे शुक्रवारी क्रूस रास्ता असतो, अख्खा टोला येतो, मी लहानपणी क्रूस धरायचो. इथं पुस्तक इंग्रजी देतात, आमच्यातले काही दहावी पण नाहीत. हिंदी पुस्तक आहे आमच्याकडे, गावावरून आणलंय. पाचवं स्थान आम्ही वाचू, हिंदीत.

वेळेचं असं आहे की शुक्रवारी सुट्टी नसते, दिवसपाळी असेल तर ओव्हरटाईम धरून 8 ला सुटतो आणि अंघोळ केल्याशिवाय चर्चला येता येत नाही, अंगावर वाळू आणि काजळी असते. 9 असेल तर आम्ही सात-आठ जण नक्की. आमच्या रूमवर ठेवायचं असेल तरी चालेल, मालकाला विचारतो, मुसलमान आहेत ते, चांगले आहेत, त्यांचे पण रोजे त्याच वेळी चालू असणार.

सातारा_निवृत्त_शिक्षिका

ताई तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी साताऱ्याची, आयुष्य शाळेत आणि सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गात गेलं. पापडीकरांनी वाटेबद्दल छान सांगितलंय, मी बाकीच्या काही गोष्टी लिहिते कारण लेंट आला की जो तो "मटण बंद" एवढंच बोलतो आणि धुळवडीला शेजारी रस्सा शिजतोय त्याचा वास कसा सहन करायचा ह्याच्यावर चर्चा संपते. नियम तेवढा माहीत असावा, 14 वर्षांच्या पुढच्यांनी लेंटमधल्या शुक्रवारी मांस टाळायचं, आणि उपवास 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. मासे चालतात. पण प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे तिन्ही एकत्र आहेत, राखेच्या बुधवारी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं शुभवर्तमान वाचतात त्यात प्रभू तिन्हींबद्दल बोलतो, आणि तिन्ही गुप्तपणे करा म्हणतो. तुम्ही मटण सोडलंत आणि वाचलेले पैसे घरातच राहिले तर दानधर्माचा भाग राहून गेला.

आमच्या वर्गातल्या मुलांना मी पुठ्ठ्याचा डबा करायला लावायचे, आठवड्याच्या खाऊचे पैसे त्यात. कॅरिटास इंडियाची लेंटमध्ये भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम असते, बऱ्याच पॅरिशमधून त्याला पैसे जातात. ते द्याच, पण तुमच्या हाताच्या अंतरावर पण बघा. माण खटाव इकडे आमच्याकडे, तुमच्याकडे जत आटपाडी, मार्चपासून बायका पाण्यासाठी टँकरची वाट बघतात. आपण उपवासाच्या दिवशी एक जेवण सोडतो, तिथं रोजच्या पाण्याची पंचाईत. एखाद्या वाडीला टाकी घेऊन देणं हे चाळीस घरांच्या पॅरिशला जमण्यासारखं काम आहे. 2019 च्या पुरात सांगलीत कोण कोणाच्या घरात राहिलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तेव्हा लोकांनी हात पुढे केले होते तर आता पण करतील.

चर्चच्या सजावटीबद्दल, वेदीवर फुलं ठेवू नका, कितीही प्रेमाने कोणी आणली तरी, त्यांना सांगा ईस्टरला आणा. आलेलुया अजिबात गात नाहीत, आणि ग्लोरिया हे स्तुतिगीत पण सणाचे दिवस सोडून नाही. वाद्य गाण्याला आधार म्हणून हळू. पाचव्या रविवारपासून क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची पद्धत आहे, तुमच्या फादरांना विचारून करा, मुलांवर त्याचा फार परिणाम होतो. जे रोज दिसतं ते दिसेनासं झालं की ती विचारायला लागतात, आणि मूल विचारायला लागलं की शिकवायला वेगळा वर्ग लागत नाही.

दहावी बारावीच्या मुलांचं म्हणाल तर ओढू नका. पण एखादं स्थान त्यांच्या नावाने ठेवा आणि सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करा, पेपर संपले की ती आपोआप येतील, माझा अनुभव आहे. आणि कोणाच्या आईला घरी बसावं लागत असेल तर सातव्या स्थानाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, तिला आपण आत आहोत असं वाटू दे.

आणखी एक. पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत फादर पाय धुतात त्या विधीला आमच्याकडे वर्षानुवर्षं बारा पुरुष बसवायचे. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेवरून रोमहून आदेश निघाला की देवाच्या लोकांमधले सगळ्या प्रकारचे लोक घ्यावेत, बायका, म्हातारे, तरुण, आजारी. तरी अजून काही ठिकाणी "बारा पुरुष कुठून आणायचे" म्हणून धावाधाव चालते. मला हे मनापासून खटकतं. तुमच्या पॅरिशमध्ये नर्सताई आहेत, रात्रभर दुसऱ्यांचे पाय पुसणाऱ्या, त्यांच्या पायावर फादरांनी पाणी घातलेलं मला बघायचंय. कौन्सिलमध्ये हा विषय आत्ताच काढा, पवित्र सप्ताहात काढाल तर कोणाला वेळ नसतो.

मिशन_कंपाउंड_मिरज

मी कॅथलिक नाही, मिरजेतल्या प्रॉटेस्टंट घरातला, आमचे आजोबा मिशन हॉस्पिटलमध्ये कंपाउंडर होते. इकडे आमचीच घरं जास्त त्यामुळे कॅथलिक शेजारी कमीच बघितले. आमच्याकडे गुड फ्रायडेला 12 ते 3 उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, लहानपणापासून बसतोय त्यात. लेंटमध्ये घरोघरी प्रार्थना सभा पण असतात.

मला दोन गोष्टी विचारायच्यात, पहिली म्हणजे नर्सताई राहतात त्याच भागात आम्ही राहतो, टेरेसवर तुमची क्रुसाची वाट असेल तर आम्ही दोन-चार घरं आलो तर चालेल का? आणि माझ्या आईचं वय झालंय, तिला राखेच्या बुधवारी राख लावून घ्यायची फार इच्छा आहे, टीव्हीवर बघते दरवर्षी. तिला चालेल का, का कॅथलिक असल्याशिवाय नाही?

सातारा_निवृत्त_शिक्षिका

या की, जरूर या. राख कोणालाही घेता येते, तो संस्कार नाही, पश्चात्तापाची खूण आहे, आईला घेऊन या आणि पुढच्या बाकावर बसवा, गर्दीत उभं राहायला लावू नका. राख धर्मगुरू आशीर्वादित करतात, मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. लावताना म्हणतात "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा" किंवा "तू माती आहेस आणि मातीत परत जाशील", दोन्ही पवित्र शास्त्रातलं, तुमच्या आईंच्या ओळखीचं. फक्त ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, मात्र कॅथलिकांसाठी असतं, तेवढं आधी सांगून ठेवते म्हणजे ऐनवेळी आईंना अवघडल्यासारखं व्हायला नको, त्या वेळी जागेवर बसून प्रार्थना केली तरी छान.

कृष्णाकाठताई, मिरजेतल्या टेरेसवर प्रॉटेस्टंट शेजारी येणार असतील तर त्या दिवशी पवित्र शास्त्रावर आधारलेली क्रुसाची वाट घ्या. संत जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेला रोमच्या कोलोसियममध्ये केली होती. ती गेथशेमाने बागेपासून सुरू होते, पेत्राचा नकार आहे, पश्चात्तापी चोर आहे, क्रुसाजवळ मरिया आणि योहान आहेत. वेरोनिका आणि तीन वेळा पडणं त्यात नाही कारण ते परंपरेतून आलंय. सगळी वाचनं शुभवर्तमानातूनच असल्याने मिशन कंपाउंडवाल्यांना आपापलं बायबल उघडून सोबत वाचता येईल. सात उद्गारांपैकी काही त्यात येतातच, ते त्यांच्यातल्या कोणाला तरी वाचायला द्या.

फोंड्याचा_सांगलीत

मी गोव्याचा, नोकरीसाठी सांगलीत. लेंटमध्ये मला गावाची आठवण येते, आमच्या गोवा वेल्याला पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते, खांद्यावर मूर्ती, लोक लांबलांबून येतात. इथे तसलं काही नाही म्हणून मी आधी गुड फ्रायडेला सरळ गाडी काढून गोव्याला पळायचो, आता मुलांच्या शाळेमुळे इथेच असतो आणि वाटतं की इथेच काहीतरी उभं राहिलं पाहिजे.

भाषेबद्दल पापडीकरांशी पूर्ण सहमत नाही. इंग्रजी अगदी काढून टाकू नका, आमची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, ती तमिळ घरंही त्याच पुस्तिकेवर वाचतात. मराठी ध्रुवपद चालेल, पण दोन-तीन स्थानं इंग्रजी राहू देत. बाकी गाडी माझ्याकडे आहे, सात सीटर, कुपवाडवरून किंवा मिरजेवरून कोणाला आणायचं-सोडायचं असेल तर शुक्रवारी मी मोकळा असतो. आणि कुमसाराचं, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं सांगण्याचं, पण बघा ताई. झारखंडच्या पोरांना हिंदीत, केरळच्या चेचींना (ताईंना) मल्याळममध्ये पाप कबूल करता आलं पाहिजे, मनातलं माणूस आपल्याच भाषेत बोलतो. झावळ्यांच्या रविवारच्या आधी फादरांना सांगून एखाद्या संध्याकाळी बाहेरून दोन-तीन धर्मगुरू बोलावता आले तर सगळी पॅरिश ईस्टरला तयार होईल.

पापडीकर

फोंड्याचे, मान्य. ज्या घराचं स्थान त्या घराची भाषा असंच मी म्हटलंय, तुमच्या घराला स्थान मिळालं की इंग्रजी आलीच. कुमसाराचं बोललात ते मला सुचलं नव्हतं, फार गरजेचं आहे.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रविवारी मिस्सानंतर फादरांशी बसले, हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. असं ठरतंय. पहिला शुक्रवार 20 फेब्रुवारी चर्चमध्ये संध्याकाळी 6 ला, फादर असणार. 27 ला कुपवाडला पोरांच्या रूमवर रात्री 9 ला. 6 मार्चला मिरजेत टेरेसवर, तोही 9 ला, त्या दिवशी पवित्र शास्त्रावरची वाट, मिशन कंपाउंडच्या घरांना आमंत्रण आहे असं समजा, आणि बुधवारी 18 ला आईंना घेऊन या, मी दारात थांबते. बाकीचे शुक्रवार आलटून पालटून. स्थानं वाटायला सुरुवात केलीय, पाचवं सिमडेगाच्या भावांना, सहावं वेरोनिकाचं नर्सताईंना, कारण रक्ताळलेला चेहरा पुसणारी बाई आणि त्यांचं काम एकच आहे असं मला वाटतं. फोंड्याच्या दादांना दहावं इंग्रजीत. आठवं, येरुशलेमच्या स्त्रिया, आम्ही नगरच्या बायका घेतोय, आमच्याकडच्या अभंगाच्या चालीवर एक कडवं म्हणू, पेटी हळू.

पाय धुण्याचा विषय पण काढला. कौन्सिलमधल्या एक-दोन ज्येष्ठांना पटायला वेळ लागेल, पण फादर म्हणाले त्यांची तयारी आहे आणि मी मागे हटणार नाही. आटपाडीकडच्या टाकीचं पण बोललो, आधी तिथल्या कोणाशी तरी बोलून नेमकी गरज काय ते विचारायचं ठरलं, आपल्या मनाने नेऊन ठेवायला नको.

एकच राहिलं. यंदा गुढीपाडवा 19 मार्चला आहे, घरमालक काकू दरवर्षी पुरणपोळी आणि श्रीखंड पाठवतात, मागच्या वेळी सासूबाई म्हणाल्या लेंटमध्ये गोड नको, परत कसं पाठवायचं म्हणून मी शेजारच्या मुलांना वाटलं. काकूंना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. ह्यावर काय करता तुम्ही?

सातारा_निवृत्त_शिक्षिका

19 मार्च म्हणजे संत जोसेफचा सण, मोठा सण आहे तो, लेंट असला तरी त्या दिवशी ग्लोरिया म्हणतात. आणि यंदा तो गुरुवार आहे, मांसाचा प्रश्नच नाही. काकूंची पुरणपोळी तुपासकट खा आणि सासूबाईंना पण वाढा. सासूबाईंनी गोड सोडायचा स्वतःचा संकल्प केला असेल तर त्याचा मान ठेवा, त्यांचा वाटा बाजूला काढून ज्याला मिळत नाही त्याला द्या, पण काकूंचा डबा रिकामा धुऊन परत करू नका, आपल्याकडचं काहीतरी घालून पाठवा.

सिमडेगा_ते_कुपवाड

दीदी मालकांना विचारलं, हो म्हणाले, 27 ला 9 ला या. रोज्यांच्या महिन्यातली रात्रीची तरावीहची नमाज त्याच वेळेला असते त्यामुळे ते घरी नसतील, गल्लीत गाड्या लावायला जागा राहील. रूम छोटी आहे, पंधरा माणसं बसतील, बाकी गॅलरीत. जिन्यात लाईट नाही, मोबाईलची टॉर्च चालू ठेवा आणि आजी वगैरे असतील तर मला फोन करा, खाली येऊन हात धरून वर नेतो. क्रूस आम्ही पोरांनी बनवायला घेतलाय, पॅकिंगच्या लाकडाचा.

कृष्णाकाठ_सांगली

27 तारीख तुमची पक्की लिहिली. हिंदी पुस्तकातल्या पाचव्या स्थानाचा फोटो आज रात्री ग्रुपवर टाका, मी झेरॉक्स काढते. आणि क्रूस फार जड करू नका, टेरेसवर तोच न्यायचाय.